डब्यातल्या पावत्या

आमच्या घरात देवांच्या खालोखाल कोणाची बडदास्त राखली जात असेल, तर ती बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्याची. झाकणावरचे चित्र राणीचे होते की परीचे, हे रंग उडाल्यामुळे कळत नसे. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत हा डबा माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे असे. आम्हां मुलांना त्याला हात लावण्याची बंदी होती. लहानपणी माझी अशी समजूत होती, की आजीच्या पाटल्या त्यात असाव्यात. पुढे आठवी-नववीत असताना, घरात कोणी नाही असे पाहून मी तो उघडला आणि माझी साफ निराशा झाली. आत नुसते कागद! सुतळीने बांधलेले, वर्षावार लावलेले, भाडेपावत्यांचे गठ्ठे. पहिली पावती 1946 सालची, आजोबांच्या नावाची. रक्कम चौदा रुपये.

चाळीत ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांना त्या डब्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी सांगतो. मुंबईत भाडेकरूला घराचे खरेदीखत नसते. त्याची सनद म्हणजे ती बोटभर रुंदीची पावती. आजोबा म्हणत, "घर जळाले तर आधी डबा काढा, मग मला." विनोदाने म्हणत, पण डोळे हसत नसत.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. कायद्याशी माझा संबंध यायचे खरे तर काही कारण नव्हते. परंतु शब्दांच्या मागे लागण्याची खोड असल्यामुळे या विषयातले शब्द मला फार दिवस खुणावत होते. घर आणि बिऱ्हाड हे दोन शब्द पाहा. घर मालकाचे, बिऱ्हाड भाडेकरूचे. आणि एकाच चार भिंतींत दोन्ही नांदतात! भाडेकरूच्या भाडेकरूला आपण पोटभाडेकरू म्हणतो. भाषेने त्या बिचाऱ्याला पोटाशी धरले. कायद्याने मात्र मालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणाऱ्या मूळ भाडेकरूलाच घराबाहेर काढण्याची सोय केली. आणि सर्वांत नामी शब्द म्हणजे पागडी. डोक्यावर छप्पर हवे असेल, तर डोक्यावरचे आधी उतरवून दुसऱ्याच्या पायाशी ठेवा! एका शब्दात मुंबईचा सारा इतिहास आला.

हा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, नाही तर पुढची हकीकत कळावयाची नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसे वाढली आणि घरे वाढेनात. भाडी भडकली, तेव्हा 1918 साली सरकारने भाड्यांवर पहिला लगाम घातला. दुसऱ्या महायुद्धाने तेच दुखणे पुन्हा उभे केले. मग स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 साली, मुंबईचा प्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याने भाड्याचा काटा 1 सप्टेंबर 1940 या तारखेवर थांबवला. त्या दिवशी जे भाडे होते, तेच प्रमाण भाडे. जी जागा त्यानंतर प्रथम भाड्याने गेली, तिचे पहिले भाडे हेच तिचे प्रमाण. कर आणि तत्सम बाबी वाढल्या तर तेवढी वाढ, एरवी नाही.

कायदा थोड्या मुदतीचा होता. पण मुदती संपत आल्या की वाढवल्या जात. साठ रुपये पगाराच्या माझ्या आजोबांना त्या कायद्याने तारले, हे मी कधीही विसरणार नाही. तो नसता, तर राजापूरहून आलेला तो कारकून बायकामुलांसह केव्हाच परतीच्या बोटीत बसला असता, आणि हा लेख लिहावयाला मी नसतो.

पण घड्याळ थांबवले म्हणून काळ थांबत नाही. सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी सारे वाढत गेले आणि भाडे तेवढे चौदा रुपयेच राहिले. मालकांनी डागडुजी सोडली. चाळी खचू लागल्या. 1969 साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा करून मंडळ नेमावे लागले आणि त्यासाठी उपकर सुरू झाला. ज्या इमारतींना तो लागू, त्या उपकरप्राप्त इमारती. आमची चाळ त्यांपैकीच. भाडे वाढवता येत नाही म्हणून मालक नव्या भाडेकरूकडून पागडी घेऊ लागले आणि जुना भाडेकरू खोली सोडताना आपला वाटा मागू लागला. 1947 च्या कायद्याने हा व्यवहार गुन्हा होता. म्हणून तो बिनपावतीचा चाले. ज्या शहरात चौदा रुपयांची पावती जिवापाड जपली जाई, त्याच शहरात लाखांच्या पागडीला चिठोरेही नसे!

अखेर 19 डिसेंबर 1997 रोजी, मालपे विश्वनाथ आचार्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की 1940 ची भाडी गोठवून ठेवणाऱ्या या तरतुदी आरंभी रास्त असल्या तरी आता तशा राहिलेल्या नाहीत. कायद्याची मुदत 31 मार्च 1998 ला संपणारच होती, म्हणून न्यायालयाने त्या रद्द केल्या नाहीत. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 झाला आणि 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याने 1 ऑक्टोबर 1987 चे भाडे अधिक पाच टक्के, हे प्रमाण भाडे धरले आणि मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली. पागडीलाही त्याने कायद्याच्या पंगतीत बसवले. आता आमच्या चौदा रुपयांचा हिशेब करा. पाच टक्के मिळवून चौदा रुपये सत्तर पैसे. त्यावर दरसाल चार टक्के धरले, तरी 2014 साली मूळ भाडे पंचवीस रुपयांच्या आसपास. उपकर, इतर कर वगैरे मिळून आमची पावती त्या वर्षी 96 रुपयांची होती.

2014 हे वर्ष मी मुद्दाम धरले. त्या वर्षी दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी माझे वडील गेले.

मी तेव्हा डोंबिवलीस राहत होतो. 2006 साली लग्न झाल्यावर कर्ज काढून तिथे लहानसा ब्लॉक घेतला होता. गिरगावात वडील आणि आत्या दोघेच असत. आत्या 1968 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, ती कायमची. चाळीतल्या तीन पिढ्यांच्या मुलींना तिने शिवणकाम शिकवले. सारी चाळ तिला अक्का म्हणे, मालकसुद्धा.

मालकांविषयी वाचकांची कल्पना बहुधा सिनेमातल्या मिशाळ माणसासारखी असेल. आमचे मालक वरच्या मजल्यावर आमच्याएवढ्याच दोन खोल्यांत पाच माणसांनिशी राहत. चाळ वाडवडिलांची आणि पोट बँकेतल्या नोकरीवर. एकदा गच्चीवरच्या टाकीचा नळ बदलायला माणूस आला, त्याने दोनशे रुपये घेतले. मालक जिन्यात मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या दोन महिन्यांच्या भाड्यात एक नळ बसत नाही. चाळ कशी बसवू?" मी हसलो. हसण्यावाचून दुसरे काय करणार?

वडिलांचे दिवस झाल्यावर पावती कोणाच्या नावावर करावयाची हा प्रश्न आला. वडिलांनी एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवले होते, की खोल्यांचा हक्क माझ्या मुलाकडे जावा. तो कागद घेऊन मी एका वकिलांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर सारला आणि म्हणाले, "सर, अशी मृत्युपत्रे घेऊन आठवड्याला दोन माणसे येतात. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1994 सालीच सांगितले आहे."

मग त्यांनी कायदा उलगडून सांगितला. राहण्याची जागा असेल, तर भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर जे कुटुंबीय राहत असतील, त्यांच्याकडे हक्क जातो. असे कोणी नसेल तरच वारसांचा विचार. आणि कोण, याबद्दल आपसांत एकमत न झाल्यास न्यायालय ठरवते.

"म्हणजे आत्याकडे," मी म्हणालो.

"किंवा तुमच्याकडे," वकील शांतपणे म्हणाले. "तुमचे नाव रेशनकार्डावर आहे ना अजून? मतदार यादीत? गणपतीला, दिवाळीला जात होता ना? मग वडिलांजवळच राहत होतो, असे प्रतिज्ञापत्र करा. डोंबिवलीचा ब्लॉक पत्नीसाठी घेतला म्हणावे. मालकाला मुलासाठी जागा हवी आहे. उद्या तो स्वतःच्या गरजेचा दावा लावील. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंपेक्षा तुमचे नाव असलेले बरे. शिवाय पुनर्विकास आलाच, तर भाडेकरूला निदान तीनशे चौरस फुटांचे नवे घर फुकट. गिरगावात, सर!"

खोटे बोलायचे नाही, एवढेच माझे म्हणणे असते तर प्रश्न सोपा होता. पण मोह मोठा विचित्र असतो. तो खोट्याला खऱ्याचे कपडे घालून आणतो. डोंबिवलीच्या गाडीत उभ्याने परतताना मी मनाशी म्हणत होतो, की यात खोटे काय आहे? माझा जन्म तिथला. माझी पुस्तके अजून त्या माळ्यावर आहेत. मला स्वप्ने पडतात ती त्याच खोलीतली. मनाने मी तिथेच राहतो! घरी आल्यावर बायकोला सारे सांगितले. दोन मुली, कर्जाचे हप्ते, या साऱ्याचा हिशेब तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "न्यायाधीशांनी विचारले, गेल्या मंगळवारी रात्री तुम्ही कुठे झोपला होतात, तर काय सांगाल?"

दरम्यान मालकांनी भाडे घेणे थांबवले. खोट्याची बाजू घ्यायला अशी कारणे उपयोगी पडतात. आत्या मात्र डगमगली नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला ती टपाल कचेरीत जाई आणि 96 रुपयांची मनिऑर्डर करी. मजला एकच, अंतर अठरा पायऱ्यांचे. पण पैसे सरकारी मार्गाने वर जात आणि 'घेण्यास नकार' हा शेरा मिरवीत खाली येत. भाडेकरू भाडे देण्यास तयार आहे तोवर थकबाकीच्या कारणाने त्याला काढता येत नाही, हे त्या चौथी शिकलेल्या बाईला पक्के ठाऊक होते. नकाराची प्रत्येक चिठ्ठी डब्यात जाई. आणि त्याच संध्याकाळी मालकांची पत्नी आजारी असेल, तर आत्या पेजेचे भांडे घेऊन त्याच अठरा पायऱ्या चढे. पेज स्वीकारली जाई.

एका रविवारी मी धीर करून वकिलांचा सल्ला तिच्या कानावर घातला. ती मशीनवर बसली होती. पाय थांबवून म्हणाली, "तू कागदावर लिहिणार की तू इथे राहत होतास. मग शेहेचाळीस वर्षे इथे कोण राहत होते रे?"

मला उत्तर नव्हते. मला तोवर सुचलेच नव्हते, की माझे खोटे मालकाविरुद्ध नव्हते. ते तिच्याविरुद्ध होते.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना पत्र लिहिले. 2006 पासून मी डोंबिवलीस राहतो. वडिलांच्या अखेरीस त्यांची सख्खी बहीण त्यांच्याजवळ राहत होती. पावती तिच्या नावे करावी. माझी व माझ्या बहिणीची त्यास हरकत नाही. पत्र द्यायला मी स्वतःच वर गेलो. मालकांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "मला वाटले होते, तुम्ही कोर्टात जाल." मी म्हणालो, "मलाही." पुढच्या पाच तारखेला पावती आली. आत्याचे स्वतःचे असे नाव, माझ्या माहितीप्रमाणे, रेशनकार्डाखेरीज प्रथमच कुठे छापील कागदावर आले. तिने ती पावती डब्यात ठेवण्याआधी देवांसमोर ठेवली.

मालकांच्या मुलाचे लग्न मात्र व्हायचे थांबले नाही. त्याने विरारला जागा घेतली, भाड्याने. आणि येथे दैवाने एक चिमटा काढला. ज्याच्या वडिलांना आमच्याकडून 96 रुपये मिळत, तो स्वतः महिन्याला नऊ हजार भरू लागला! त्याचा करार 'लीव्ह अँड लायसन्स'चा, अकरा महिन्यांचा. या पद्धतीचेही मूळ जुन्या भांडणात आहे. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे परवान्यावर राहत होते, ते कायद्याने भाडेकरू ठरले. मालकांनी त्याची अशी धास्ती घेतली, की पुढे कित्येकांनी रिकाम्या जागेला कुलूप घालणे पसंत केले. 1999 च्या कायद्याने ही भीती काढली. परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि तिथे भाडेकरूचे संरक्षण नाही. मुलगा एकदा जिन्यात भेटला. म्हणाला, "सर, तीन वर्षांत तीन घरे झाली. सामान सोडवायचे सोडूनच दिले आहे." मालकाचा मुलगा बिऱ्हाडकरू झाला होता, आणि भाडेकरूची आत्या त्याच्या घरात घट्ट बसली होती. यातले न्याय्य काय, हे मला तेव्हाही सांगता आले नसते.

कायद्यालाही हा पेच ठाऊक आहे, हे मला पुढे कळले. मालकाने स्वतःच्या गरजेसाठी जागा मागितली, तर न्यायालय केवळ गरज खरी की खोटी एवढेच पाहत नाही. जागा दिल्याने जास्त हाल कोणाचे आणि न दिल्याने जास्त कोणाचे, हेही तोलते. कलमांच्या त्या रुक्ष जंगलात हा एक विचार मला फार माणुसकीचा वाटला. धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयात असे किती हाल वर्षानुवर्षे तागडीत पडून असतील! पण तारखांवर तारखा पडत असताना इमारती काही थांबत नाहीत. 2017 च्या ऑगस्टअखेर भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. त्या रात्री मी आत्याला फोन करून विचारले, आपल्या जिन्याचा कठडा कसा आहे. ती म्हणाली, "हलतो, पण मीही हलते."

फेब्रुवारी 2022 मध्ये आत्या गेली. आता तिच्याजवळ राहणारे कोणी नव्हते. म्हणजे कायद्याने वारसांचे दार उघडले. यावेळी खोटे बोलण्याचीही गरज नव्हती. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली होती. मित्र म्हणाले, हक्क सोडू नकोस. मालकांचे आप्त त्यांना म्हणाले, कोर्टात जा, आता तिथे राहते कोण? आम्ही दोघेही दोन महिने गप्प बसलो. मग एक दिवस मालकच डोंबिवलीस आले. सत्तरी ओलांडलेला माणूस दोन जिने चढून आला आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "मास्तर, मुलाला घरी आणायचे आहे."

हक्क सोडण्याबद्दल भाडेकरूने मोबदला घेणे आता बेकायदा नाही. आम्ही आकडा ठरवला, रीतसर कागद केला, आणि पैसे बँकेतून आले. तो आकडा मी सांगत नाही. ऐकून माझे सहकारी मला वेड्यात काढतात आणि मालकांचे आप्त मालकांना. दोन्हीकडचे लोक आपापल्या माणसाला मूर्ख म्हणतात, तेव्हा तडजोड बरी झाली असावी, असे समजावयास हरकत नाही. माझ्या वाट्याच्या पैशांत डोंबिवलीचे कर्ज फिटले. अर्धे पैसे बहिणीला दिले. ती रडली, मग मोजून घेतले.

या अनुभवातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली रोकडी आहे. भाडे द्या, तर पावती घ्या; ती देणे मालकावर बंधनकारक आहे. जागा भाड्याने किंवा परवान्यावर द्या, तर करार लेखी करून नोंदवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे पुष्कळ सुशिक्षित माणसे समजतात. ते चूक आहे. 1999 च्या कायद्याने महाराष्ट्रात ती सक्तीची केली आणि जबाबदारी मालकावर टाकली. नोंद नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, मालकाला उलट सिद्ध करता येईपर्यंत, खरे धरले जाते. भावाभावांतसुद्धा कागद करावा. कागदाने प्रेम कमी होत नाही. कागद नसल्याने मात्र झालेले मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट रोकडी नाही. मालक आणि भाडेकरू या दोन जाती नाहीत. मुंबईत एकाच आयुष्यात माणूस दोन्ही होतो आणि पुष्कळदा एकाच वेळी असतो. कायदा एका बाजूला फार कलला की दुसरीकडचे घर खचते, आणि ते घर दोघांचेच असते.

खोल्या रिकाम्या केल्या त्या दिवशी डबा मी डोंबिवलीस आणला. पावत्यांचे आता काम नव्हते. बायकोने डबा घासून उन्हात ठेवला, आणि त्या दिवाळीपासून त्यात चकल्या असतात. मुलींना आता त्या डब्याला हात लावण्याची बंदी नाही; निदान चकल्या संपेपर्यंत असून उपयोगही नाही. पावत्या मी रद्दीत घातल्या. दोनच ठेवल्या आहेत: 1946 ची चौदा रुपयांची, आणि आत्याच्या नावाची पहिली.